प्रश्नपरीक्षेतील दोन मापे

काही वर्षांपूर्वी एकाच दिवशी सकाळच्या वेळेत माझ्याकडे दोन रुग्ण आले. पहिला अठ्ठावीस वर्षांचा तरुण, स्वतःचे दुकान असलेला. लग्न महिन्यावर आले होते. मूत्रप्रवृत्तीच्या वेळी दाह होतो आणि अशक्तपणा वाटतो, अशी त्याची तक्रार होती. मी सोबत आलेल्या मित्राला बाहेर बसवले, दार लोटून घेतले आणि सरळ विचारले, "आजवर कोणाशी संबंध आला आहे का?" त्याने थोडे लाजत दोनदा आल्याचे सांगितले. मी ते लिहून घेतले, लघवी व रक्ताच्या तपासण्या सांगितल्या आणि अहवाल येऊन उपचार पूर्ण होईपर्यंत थांबावे लागेल, हेही सांगितले. तो समाधानाने गेला. त्याच्याविषयी माझे मत बदलल्याचे मला आठवत नाही.

त्यानंतरची रुग्णा सव्वीस वर्षांची, शाळेत शिक्षिका, अविवाहित. आईसह आली होती. दुर्गंधीयुक्त श्वेतस्राव, कटिशूल, ओटीपोटात दुखणे. मी पाळीविषयी विचारले, आहारविहार विचारला, मलप्रवृत्ती विचारली आणि यांतील बहुतेक प्रश्न आईलाच विचारले. केसपेपरवर 'अविवाहित' असे लिहिले आणि त्या एका शब्दाने पुढची सारी प्रश्नपरीक्षा संपली असे मानले. पुष्यानुग चूर्ण, लोध्रासव, चंद्रप्रभा वटी, धावनासाठी त्रिफळा क्वाथ अशी योजना केली. तीन महिने ती नियमाने औषध घेत होती. मध्यंतरी थोडा उपशय मिळे, पुन्हा लक्षणे उलटत. पुढे एके रात्री तीव्र शूल व ज्वर यांमुळे तिला शहरात हलवावे लागले. तेथील स्त्रीरोगतज्ज्ञांनी गर्भाशय व बीजवाहिन्यांचा शोथ असल्याचे निदान केले. ती बरी झाली. परंतु एका बीजवाहिनीला कायमची इजा झाली ती झालीच.

वर्षभराने ती अम्लपित्तासाठी एकटीच आली. जाताना शांतपणे म्हणाली, "डॉक्टर, तेव्हा तुम्ही मला काही विचारलंच नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. फक्त आईला बाहेर बसवायला हवं होतं."

त्या तरुणाच्या मित्राला मी बाहेर बसवले होते. तिच्या आईला बसवले नाही. दोन्ही रुग्ण एकाच वैद्यासमोर, एकाच दिवशी, जवळपास एकाच वयाचे आणि एकाच प्रकारच्या शंकेचे होते. माप मात्र दोन होते. हा लेख त्या मापांविषयी आहे.

शास्त्र कोणाला काय विचारते?

दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न ही त्रिविध परीक्षा आपण पहिल्या वर्षापासून पाठ करतो. सुश्रुताचार्यांनी पंचेंद्रियांच्या परीक्षेला प्रश्नाची जोड देऊन षड्विध परीक्षा सांगितली. यापैकी कोठेही प्रश्न रुग्णाच्या वैवाहिक स्थितीवर अवलंबून ठेवावा, असे म्हटलेले नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील तिसावा अध्याय आपण 'योनिव्यापच्चिकित्सित' या नावाने ओळखतो. परंतु त्याच अध्यायात पुढे शुक्रदोष आणि क्लैब्य यांचेही विवेचन येते, हे आपण विसरतो. स्त्रीचे रोग आणि पुरुषाचे रोग आचार्यांनी एकाच प्रकरणात शेजारी ठेवले आहेत. योनिव्यापदांच्या कारणांत मिथ्याचार, आर्तवदुष्टी, बीजदोष व दैव अशी चार कारणे सांगितली आहेत. मिथ्याचाराचा विचार करायचा तर विचारावे लागते आणि विचारायचे तर रुग्णाला निर्भयपणे बोलता आले पाहिजे.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. सूत्रस्थानाच्या आठव्या अध्यायातील सद्वृत्तात मैथुनासंबंधी जे विधिनिषेध आहेत, ते मुख्यतः पुरुषाला उद्देशून आहेत. परस्त्रीकडे जाऊ नये, रुग्ण वा अनिच्छुक स्त्रीकडे जाऊ नये, असा संयमाचा उपदेश त्याला आहे. समाजाने मात्र उपदेशाची दिशा फिरवली. ज्याला संयम शिकवला त्याची चौकशी थांबली आणि चौकशीचा सारा भार दुसऱ्या पक्षावर गेला.

येथे प्रामाणिकपणे एक कबुलीही दिली पाहिजे. आपली संहिताही सर्वस्वी समदृष्टीची आहे, असे म्हणता येणार नाही. वाजीकरणाचा विचार पुरुषाच्या बाजूने केला गेला आहे. त्यात स्त्री ही 'क्षेत्र' आणि श्रेष्ठ वाजीकरण म्हणून येते. उपदंशाच्या निदानात दुष्ट योनीचा संपर्क हे कारण म्हणून सांगितले आहे. त्या स्त्रीला तो दोष कोणाकडून आला, हा प्रश्न तेथे पुढे येत नाही. सोळाव्या शतकात भावमिश्रांनी फिरंग रोगाचे वर्णन केले, तेव्हाही फिरंगी स्त्रीचा संपर्क हेतूंमध्ये नोंदवला गेला. युरोपात हाच रोग इटालियन लोकांनी फ्रेंचांच्या माथी मारला आणि फ्रेंचांनी नेपल्सच्या. रोगाचा उगम नेहमी 'दुसऱ्यांकडे' आणि बहुधा दुसऱ्या स्त्रीकडे दाखवण्याची ही सवय जुनी व जागतिक आहे. आचार्यांचा मोठेपणा हा, की कारण कोणतेही लिहिले तरी त्यांनी चिकित्सा नाकारली नाही. आपण त्यांच्याकडून हा भाग घ्यावा आणि ज्ञान वाढले तसा निदानपंचकाचा अर्थ व्यापक करावा.

महाराष्ट्राला हा वाद नवा नाही

विजयालक्ष्मी नावाच्या सुरतेकडील एका विधवेला १८८१ साली अर्भकहत्येसाठी फाशीची शिक्षा सुनावली गेली; अपिलात ती कमी झाली. वृत्तपत्रांतून स्त्रियांच्या नीतीची यथेच्छ निंदा सुरू झाली. त्यावर बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुषतुलना' हे पुस्तक प्रसिद्ध केले आणि जे दोष तुम्ही स्त्रियांवर लादता ते पुरुषांत नाहीत काय, असा रोकडा सवाल केला. त्याच्याही आधी, १८६३ साली, जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. विधवेला दिवस गेले तर तिच्यापुढे आत्महत्या किंवा अर्भकहत्या एवढेच मार्ग उरत. त्या मुलाचा पिता मात्र गावात उजळ माथ्याने वावरे. फुले दांपत्याने अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत दत्तक घेतला. पुढे तो डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगमध्ये त्याने रुग्णांची सेवा केली. ज्या बालकाच्या जन्माला समाजाने कलंक म्हटले, त्याचाच हात साथीत समाजाच्या नाडीवर होता. वैद्यकव्यवसाय करणाऱ्या प्रत्येकाने हे स्मरणात ठेवावे.

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले. स्त्रीला व पुरुषाला एकच नियम लावा, एवढे स्पष्ट लिहिल्याबद्दल त्यांना अश्लीलतेच्या खटल्यांना तोंड द्यावे लागले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले.

आपल्या व्यवसायाला सर्वांत जवळून लागणारे उदाहरण मात्र मथुरा खटल्याचे आहे. १९७२ साली देसाईगंज येथील पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा आरोप झाला. वैद्यकीय तपासणीत ती पूर्वीपासून शरीरसंबंधाला सरावलेली असल्याचा निष्कर्ष निघाला. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी ठरवले आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष मुक्त केले. चार विधिप्राध्यापकांनी १९७९ साली खुले पत्र लिहून या निकालाचा निषेध केला. देशभर आंदोलन झाले आणि १९८३ साली कायदा बदलला. तक्रारदार स्त्रीचे सामान्य चारित्र्य वाईट आहे, असे दाखवून तिची साक्ष खोडण्याची मुभा देणारी साक्ष कायद्यातील तरतूदही पुढे २००३ पासून नाहीशी झाली. या साऱ्याचे मूळ एका वैद्यकीय कागदावरील दोन ओळींत होते. त्या दोन पोलिसांचे पूर्वचारित्र्य कोणत्याही तपासणीच्या कागदावर लिहिले गेले नाही.

'जरा बघून सांगा'

आमच्या वेळच्या व्यवहारायुर्वेदाच्या पुस्तकात खरे कौमार्य आणि खोटे कौमार्य यांतील भेद दाखवणारा तक्ता होता. परीक्षेसाठी आम्ही तो तोंडपाठ केला. पुरुषासाठी असा तक्ता नव्हता आणि तो का नाही, असे वर्गात कोणी विचारले नाही. मीही विचारले नाही. भाषेतही तीच तऱ्हा आहे. योनिमुखाशी असलेल्या एका पातळ पटलाला आपण 'कौमार्यपटल' म्हणतो. अवयवाच्या नावातच न्यायनिवाडा करून ठेवला आहे.

वस्तुस्थिती अशी, की या पटलाचा आकार व जाडी जन्मतःच प्रत्येकीत भिन्न असते. प्रथम संबंधात रक्तस्राव होतोच असे नाही आणि पटल पाहून पूर्वी संबंध झाला की नाही, हे कोणीही तज्ज्ञ सांगू शकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्य संस्थांसह कौमार्यपरीक्षेला शास्त्रीय आधार नसल्याचे सांगून ती बंद करण्याचे आवाहन केले. सेवाग्राम येथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतील डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी या विषयाचा दीर्घकाळ पाठपुरावा केला आणि २०१९ साली महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने कौमार्यलक्षणांचा भाग एम.बी.बी.एस.च्या अभ्यासक्रमातून काढण्याचा निर्णय घेतला. राष्ट्रीय पातळीवर २०२४ साली तो भाग एकदा परत आला आणि टीका होताच काही दिवसांत मागे घेतला गेला. दोन बोटांच्या तपासणीविषयी सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली प्रतिकूल मत दिले होते. ३१ ऑक्टोबर २०२२ च्या निकालात तर अत्याचारपीडितेची अशी तपासणी करणारी व्यक्ती गैरवर्तनाची दोषी ठरेल, असे बजावले.

तरीही आपल्या दवाखान्यात काय घडते? साखरपुडा झालेल्या मुलीला घेऊन कोणी नातलग येते आणि हळूच म्हणते, "डॉक्टर, घरचेच आहात, जरा बघून सांगा." जातपंचायतीने नवविवाहितेच्या पांढऱ्या चादरीची परीक्षा घेण्याच्या प्रथेविरुद्ध कंजारभाट समाजातील तरुणांनीच २०१७-१८ मध्ये मोहीम उघडली. आपण वर्तमानपत्रात ते वाचून हळहळलो. परंतु बंद दाराआड, सुशिक्षित भाषेत, तीच चादर आपल्यापुढे पसरली जाते तेव्हा आपण काय करतो, हा प्रश्न अधिक अवघड आहे. त्या तरुणांनी आपल्या समाजाचा रोष पत्करला. आपल्याला फक्त "अशी तपासणी नसते" एवढे एक वाक्य उच्चारायचे आहे.

औषधी विक्रेते व निर्माते यांस

या त्रैमासिकाच्या वाचकांत औषधालये व फार्मसी चालवणारे अनेक बंधू-भगिनी आहेत. म्हणून थोडे स्पष्ट लिहितो. आपल्या दुकानाच्या दर्शनी कपाटात अश्वगंधा, कवचबीज, शिलाजित यांच्या कल्पांच्या खोक्यांवर घोड्यांची चित्रे असतात. ते मागणाऱ्या पुरुषाला आपण विवाहित की अविवाहित, असे विचारत नाही. तेथेच एखाद्या तरुणीने गर्भनिदानाची पट्टी मागितली, तर काउंटरवरचा मुलगा वर बघतो, मालक वर बघतो आणि शेजारचे गिऱ्हाईकही वर बघते. पुढच्या वेळी ती येत नाही. ती भलत्या ठिकाणचे भलते औषध घेते.

दुसरा मुद्दा योनिसंकोचक कल्पांचा. मायफळ, तुरटी, धायटीची फुले यांसारख्या कषायरसात्मक द्रव्यांचे स्थानिक उपयोग ग्रंथोक्त आहेत आणि योग्य निदानानंतर त्यांना स्थान आहे. परंतु 'पुन्हा कुमारिकेसारखे' अशा सूचक भाषेत ती विकणे म्हणजे मुलीच्या भीतीवर दुकान चालवणे होय. शास्त्रदृष्ट्याही ते घातक आहे. तुरटीच्या वारंवार प्रयोगाने रूक्षता व व्रण होतात आणि संसर्गास वाट मोकळी होते. १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने कामशक्ती वाढवण्याच्या दाव्यांच्या जाहिराती मना केल्या आहेत, हे आपण सर्व जाणतो. कायद्याच्या कलमाआड लपणारी शब्दरचना शोधण्यात बुद्धी खर्च करण्याऐवजी वेष्टनावर प्रामाणिक माहिती छापावी, असे नम्रपणे सुचवावेसे वाटते.

आक्षेप आणि उत्तर

काही ज्येष्ठ वैद्यमित्र म्हणतात, "अविवाहित मुलीला असे विचारणे म्हणजे स्वैराचाराला मान्यता देणे. आपली संस्कृती काय म्हणेल?" त्यांच्याविषयी पूर्ण आदर ठेवून एवढेच विचारतो, की अविवाहित मुलाला आपण हा प्रश्न विचारतो तेव्हा संस्कृती कोठे असते? ब्रह्मचर्य हा शरीराच्या तीन उपस्तंभांपैकी एक आहे. आणि तो स्त्रीच्या शरीराचा एक व पुरुषाच्या शरीराचा दुसरा, असा नाही. ज्याला संयमाचा उपदेश करायचा त्याने तो दोघांना करावा आणि रोग झाल्यावर उपदेशाची वेळ निघून गेलेली असते, हे ध्यानात ठेवावे.

शिवाय या दुटप्पीपणाची किंमत विवाहित, पतिव्रता म्हणवल्या जाणाऱ्या स्त्रियाच सर्वाधिक देतात. श्वेतप्रदराची रुग्णा वर्षानुवर्षे औषध घेते, बरी होते, पुन्हा आजारी पडते. कारण संसर्गाचा मूळ वाहक असलेला पती कधी दवाखान्याची पायरी चढत नाही. अपत्यहीन दांपत्यांचेही तेच. साधारण निम्म्या दांपत्यांत पुरुषाकडील कारण एकटे किंवा स्त्रीकडील कारणासह असते. तरी फलघृताची बाटली सुनेच्या हाती पडते आणि शुक्रपरीक्षेचे नाव काढले तर सासू उठून जाते. एका साध्या, स्वस्त तपासणीने जे आठवड्यात कळले असते, त्यासाठी त्या स्त्रीची पाच-सहा वर्षे जातात.

दवाखान्यात काय बदलता येईल?

माझ्या दवाखान्यात मी केलेले बदल लहान आहेत. ते अनुभवासाठी मांडतो. लैंगिक, मूत्रमार्गाच्या व ओटीपोटाच्या तक्रारी असलेल्या प्रत्येक प्रौढ रुग्णाशी, स्त्री असो वा पुरुष, काही वेळ नातलगांविना बोलतो. स्त्रीरुग्ण असेल तर परिचारिका उपस्थित असते. "औषध ठरवण्यासाठी हे सर्वांनाच विचारतो, घरी कळवत नाही" असे आधी सांगतो आणि मग संबंध आले आहेत का, सुरक्षिततेचे साधन वापरले का, जोडीदाराला काही त्रास आहे का, हे तीन प्रश्न त्याच शब्दांत दोघांना विचारतो. 'किती जणांशी' याची मोजदाद उपचारास लागेल तेवढीच.

आपल्याकडे केसपेपर बहुधा रुग्णाजवळ राहतो आणि घरात सर्वजण वाचतात. म्हणून ही माहिती त्यावर न लिहिता दवाखान्याच्या नोंदीत ठेवतो. रुग्णाच्या घरातील गोष्टी बाहेर सांगू नयेत, ही प्रतिज्ञा चरकाचार्यांनी विमानस्थानात शिष्याला दिली आहे. २०१७ च्या एच.आय.व्ही. कायद्याने तपासणीपूर्वी संमती व गोपनीयता बंधनकारक केली, ती याच जातीची आहे. गर्भपातासंबंधी सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली विवाहित व अविवाहित हा भेद अमान्य केला, हेही रुग्णेला योग्य ठिकाणी पाठवताना ठाऊक असावे. रुग्ण अठरा वर्षांखालील असेल तर मात्र २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार कळवण्याचे कर्तव्य आपल्यावर आहे. तेथे गोपनीयतेचे वचन देऊ नये. संसर्गाची शंका असल्यास जोडीदाराचे उपचार एकाच वेळी व्हावेत यासाठी आग्रह धरतो आणि आपल्या मर्यादेपलीकडचा रुग्ण शासकीय रुग्णालयातील सुरक्षा क्लिनिककडे किंवा तज्ज्ञाकडे विनाविलंब पाठवतो. तेथे तपासणी व औषधे मोफत असतात.

विवाह ठरलेल्या मुलीला 'बघून' सांगण्याची विनंती आली, तर दोन्ही पक्षांनी रक्तगट, हिमोग्लोबिन, थॅलेसेमिया, कावीळ ब व एच.आय.व्ही. या तपासण्या स्वेच्छेने करून घ्याव्यात, असे सुचवतो. 'दोन्ही' या शब्दावर बहुतेक मंडळींचा उत्साह मावळतो. ज्यांचा मावळत नाही, त्यांच्या घरी ती मुलगी सुखी राहील, असा माझा अनुभव आहे.

त्या शिक्षिकेचे पुढे लग्न झाले. मागील वर्षी ती पतीसह आली होती. दोघांना अपत्याची इच्छा आहे. या वेळी प्रथम पतीला शुक्रपरीक्षेसाठी पाठवले आणि नंतर दोघांशी वेगवेगळे बोललो. ती बाहेर जाताना काही बोलली नाही. तिचा जुना केसपेपर मी अजून जपून ठेवला आहे. 'अविवाहित' या शब्दापुढे त्यावर अर्धे पान कोरे आहे. नवीन रुग्णा आली की ते कोरे पान मला आठवते. वैद्यबंधूंनीही आपापले जुने कागद एकदा काढून पाहावेत, एवढीच विनंती. इत्यलम्.